पकडलेली रोकड कोणाची?

कल्याण स्थानकात लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरलेल्या प्रवाशाच्या सॅकमध्ये इतके लाख सापडले, ठाण्यातल्या नाकाबंदीत मोटारीच्या डिकीतून तितके लाख हाती लागले, अशा बातम्या जिल्हा पानावर वर्षभर अधूनमधून दिसतात. निवडणूक लागली की रोज दिसतात. टेबलावर रचलेल्या नोटांच्या गड्ड्या, मागे उभे अधिकारी, आणि शेवटी ठरलेले वाक्य : रकमेबाबत समाधानकारक खुलासा न झाल्याने ती जप्त करून आयकर विभागाला कळवण्यात आले. वाचक पान उलटतो. त्या पैशांचे पुढे काय झाले, ते परत गेले की सरकारजमा झाले, झाले असतील तर कोणत्या न्यायालयाच्या कोणत्या हुकमाने, याची बातमी सहसा येत नाही. खरा प्रश्न मात्र तिथेच आहे. संशय आला म्हणून पैसा अडवून ठेवणे ही एक गोष्ट आणि तो कायमचा काढून घेणे ही दुसरी. पहिल्यासाठी पोलिसाचा वाजवी संशय पुरतो. दुसऱ्यासाठी न्यायालयासमोरचा पुरावा लागतो. आपल्याकडे या दोन टोकांमधले अंतर महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, कोणाच्याच ताब्यात नसते, आणि प्रामाणिक माणूस नेमका त्यात अडकतो.

ठाणे-कल्याण पट्ट्यात हा विषय वारंवार निघतो, त्याला भूगोल आणि बाजार दोन्ही कारण आहेत. उत्तरेकडून कसाऱ्यामार्गे आणि दक्षिणेकडून कर्जतमार्गे येणारे लोहमार्ग कल्याणला एकत्र येतात, त्यामुळे मुंबईत शिरणारी बॅग इथे तपासणे सोपे जाते. पलीकडे उल्हासनगरची जीन्स आणि फर्निचरची बाजारपेठ, भिवंडीचे यंत्रमाग आणि गोदामे, कल्याणची कृषी उत्पन्न बाजार समिती. या सगळ्या व्यवहारांत आजही रोख चालते. सुताच्या उधारीची वसुली, भाजीच्या गाळ्यावरचा दिवसाचा गल्ला, कारागिरांचा आठवड्याचा पगार, दागिने मोडून आलेले पैसे हे सगळे पिशवीतून, लोकलने किंवा रिक्षाने फिरते. त्याच गाड्यांतून हवाल्याचा, अमली पदार्थांचा, फसवणुकीचा पैसाही फिरतो. बाहेरून दोन्ही पिशव्या सारख्याच दिसतात.

पहिला गैरसमज आधी दूर केला पाहिजे. देशांतर्गत प्रवासात जवळ किती रोकड बाळगावी यावर भारतात सर्वसाधारण कायदेशीर मर्यादा नाही. काळ्या पैशाच्या तपासासाठी न्या. एम. बी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या विशेष तपास पथकाने २०१६ साली दोन शिफारशी केल्या होत्या : तीन लाखांवरचे रोख व्यवहार बंद करावेत आणि १५ लाखांपेक्षा जास्त रोकड बाळगण्यास मनाई करावी. पहिली शिफारस सरकारने आणखी कडक करून उचलली. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारणे दंडनीय झाले, आणि दंड तेवढ्याच रकमेचा. दुसरी शिफारस मात्र कायद्यात आली नाही. म्हणजे मोठी रक्कम रोख घेणाऱ्यावर बंधन आहे, वाहून नेणाऱ्यावर नाही. रक्कम मोठी आहे एवढ्यानेच गुन्हा होत नाही.

मग पोलीस ती कशाच्या आधारे घेतात? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०६ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम १०२) पोलिसांना चोरीची असल्याचा संशय असलेली, किंवा एखाद्या गुन्ह्याचा संशय यावा अशा परिस्थितीत सापडलेली वस्तू ताब्यात घेऊ देते. महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम १२४ आणखी एक वाट देते : वस्तू चोरीची किंवा फसवून मिळवलेली असल्याचे मानायला कारण असेल आणि ती बाळगणाऱ्याला दंडाधिकाऱ्याचे समाधान होईल असा खुलासा देता आला नाही, तर तो गुन्हा. दोन्ही कलमांत एक अट समान आहे, आणि बातम्यांत नेमकी तीच गाळलेली असते. संशय गुन्ह्याचा हवा, नुसता श्रीमंतीचा नव्हे. महाराष्ट्र सरकार विरुद्ध तापस नियोगी या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँक खातेही गोठवण्याची मुभा पोलिसांना दिली, पण त्या मालमत्तेचा तपासातल्या गुन्ह्याशी थेट संबंध असला पाहिजे असे म्हणूनच. घाबरलेला चेहरा आणि अडखळलेले उत्तर ही चौकशीची सुरुवात ठरू शकते. तो संबंध त्यातून सिद्ध होत नाही.

जप्तीनंतर पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना तातडीने कळवायचे असते. तिथून पुढची तरतूद संहितेच्या कलम ५०३ आणि ५०४ मध्ये आहे. हक्कदार माहीत असेल तर दंडाधिकारी अटी घालून रक्कम त्याच्या हवाली करू शकतात. माहीत नसेल तर जाहीर नोटीस काढून दावेदारांना सहा महिन्यांची मुदत द्यायची. त्या मुदतीत कोणी हक्क सिद्ध केला नाही, आणि ज्याच्याजवळ ती सापडली त्यालाही ती कायदेशीररीत्या मिळवल्याचे दाखवता आले नाही, तर रक्कम राज्य सरकारकडे जाते. यासाठी कोणी दोषी ठरायची गरज नाही. प्रवाशाजवळची संशयित रोकड न्यायालयाने सरकारजमा करण्याची आपल्याकडची जुनी, शांत पद्धत ती हीच. नव्या संहितेने तिच्या शेजारी कलम १०७ आणले. त्यानुसार पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त यांच्या मंजुरीने तपास अधिकारी न्यायालयात अर्ज करू शकतो, न्यायालय १४ दिवसांची कारणे दाखवा नोटीस काढते, आणि मालमत्ता गुन्ह्यातून आलेली ठरली तर जिल्हादंडाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत ती पीडितांत वाटायची. कोणी पीडित पुढे आला नाही किंवा काही उरले तरच ते सरकारकडे. डोंबिवलीकरांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २०१९ साली गुडविन ज्वेलर्सची दुकाने एकाएकी बंद झाली, तेव्हा भिशी लावलेल्या कुटुंबांचा पहिला प्रश्न गुन्हेगाराला शिक्षा किती होणार हा नव्हता, आमचे पैसे कधी मिळणार हा होता. ठेवीदारांसाठी राज्याचा १९९९ चा स्वतंत्र कायदा होताच. कलम १०७ ने तोच विचार इतर गुन्ह्यांपर्यंत नेला.

कागदावर व्यवस्था वाईट नाही, हे मान्य करायला हवे. अडचण अशी की व्यवहारात बरीचशी रोकड या वाटेने जातच नाही. ती आयकर विभागाच्या वाटेने जाते. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, लोहमार्ग पोलीस राज्याचे. स्थानकात बॅग उघडली एकाने, पंचनामा दुसऱ्याने केला, आणि गुन्हा कोणता नोंदवावा हे कोणालाच ठरवता आले नाही की आयकर खात्याला फोन करणे सर्वांच्या सोयीचे ठरते. १९७५ साली आयकर कायद्यात आलेल्या कलम १३२-एने दुसऱ्या खात्याच्या ताब्यातली बेहिशेबी रक्कम मागवून घेण्याचा अधिकार त्या विभागाला दिला. तिथे खुलासा पटला नाही तर रकमेवर कर लागतो. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये केलेल्या दुरुस्तीने अशा उत्पन्नावरचा दर ६० टक्क्यांवर नेला आणि अधिभार, उपकर धरून तो ७८ टक्क्यांच्या घरात पोचला. पण कितीही जबर झाला तरी तो करच. कर आकारणे म्हणजे, पैसा तुझा आहे, फक्त तू तो लपवलास, असे सरकारने म्हणणे. पैसा खरोखर गांजाच्या धंद्यातला किंवा एखाद्या निवृत्त शिक्षकाला फसवून काढलेला असेल, तर हे उत्तर साफ चुकीचे आहे. त्यात गुन्हेगाराला उरलेली रक्कम मागता येते आणि पीडिताच्या हाती काहीच येत नाही. उलट पैसा भिवंडीच्या कारखानदाराने पगारासाठी नेलेला असेल, तर त्याच्या वाट्याला नोटिसा, सुनावण्या आणि सनदी लेखापालाची फी येते. दोन्ही पिशव्यांना एकच खाते लावले की दोन्हीकडे अन्याय होतो.

आता एक विसंगती पाहा. आचारसंहितेच्या काळात रस्त्यारस्त्यांवर भरारी पथके आणि स्थिर सर्वेक्षण पथके उभी असतात, तेव्हा आपला पैसा सर्वांत असुरक्षित आहे असे लोकांना वाटते. ५० हजारांची मर्यादा सर्वांना लागू आहे असेही मानले जाते. निवडणूक आयोगाच्या कार्यपद्धतीत ती मर्यादा मुळात उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्ष कार्यकर्ता असलेल्या वाहनासाठी आहे. आणि २९ मे २०१५ च्या आयोगाच्या आदेशाने सामान्य नागरिकासाठी जी सोय केली, ती वर्षाच्या इतर दिवसांत त्याला मिळत नाही. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा त्यांच्या दर्जाचा अधिकारी, निवडणूक खर्चाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी अशा तिघांच्या समितीने प्रत्येक जप्ती स्वतःहून तपासायची. गुन्हा नोंदला गेलेला नसेल आणि उमेदवाराशी किंवा पक्षाशी संबंध दिसत नसेल तर कारणे लिहून रक्कम सोडायची. अपील कुठे करायचे ते जप्तीच्या कागदावरच छापलेले हवे आणि प्रवाशाला तोंडीही सांगितले पाहिजे. रक्कम दहा लाखांपेक्षा जास्त असेल तर आयकर विभागाला कळवायचे. आणि गुन्हा किंवा तक्रार नसेल तर मतदानानंतर सात दिवसांपेक्षा जास्त काळ रक्कम अडकवून ठेवायची नाही. गेल्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झाले; म्हणजे अशा रकमांचा निकाल २७ नोव्हेंबरपर्यंत लागायला हवा होता. जी यंत्रणा निवडणुकीच्या धामधुमीत सात दिवसांचे बंधन पाळू शकते, तिला एरवी फेब्रुवारीत किंवा ऑगस्टमध्ये ते का जमू नये? माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. मुदत, कारणे लिहिण्याचे बंधन आणि छापील अपिलाची माहिती या तीन गोष्टी अशक्य नाहीत. आपण त्या करून पाहिल्या आहेत, फक्त निवडणुकीपुरत्या.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : कर नाही त्याला डर कशाला? पैसा खरा असेल तर माणूस कागद दाखवेल आणि सोडवून नेईल. हे म्हणणाऱ्याने कागद कधी तयार होतात याचा विचार केलेला नसतो. बँकेतून काढलेल्या पैशाची पावती असते. मात्र भाजीच्या गल्ल्याची, लग्नात आलेल्या आहेराची, नातेवाइकांनी ऑपरेशनसाठी जमवून दिलेल्या रकमेची पावती कोण देतो? रात्री साडेअकरा वाजता फलाटावर समाधानकारक खुलासा करण्यासाठी लागणारी हिशेबाची वही दुकानात कुलुपात असते. खरा पैसाही त्या क्षणी संशयास्पद दिसू शकतो. शिवाय पुणे शहरात ऑक्टोबर २०२४ मध्ये टेम्पोतून नेले जाणारे सुमारे १३८ कोटींचे सोने पकडले गेले, तेव्हा तो माल सराफांचा, रीतसर कागदपत्रांसह चाललेला असल्याचे लगोलग सांगण्यात आले. एवढ्या मोठ्या कंपन्यांकडे वकील असतात, त्यांचा माल सुटतो. उल्हासनगरच्या दुकानदाराची चार लाखांची पिशवी असेल, तर वकिलाची फी, बुडालेले दिवस आणि पुढच्या तारखा यांचा हिशेब करून तो कधीकधी नादच सोडतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेले असतेच. मग हक्क सांगायला कोणी आले नाही, अशी नोंद होते आणि पैसा गुन्ह्याचाच होता, असा त्याचा अर्थ लावला जातो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. हवाल्याचा माणूस पकडला की तो पहिल्यांदा म्हणतो, पैसे माझे नाहीत, मला फक्त पोचवायचे होते. ज्याचे आहेत तो पुढे येत नाही. मूळ गुन्हा सिद्ध होईपर्यंत थांबायचे म्हटले तर सरकारने असा पैसा कधीच घेऊ नये का? घ्यावा, माझा वाद जप्त करण्याशी नाहीच. ब्रिटनने २००२ च्या कायद्यात यासाठी वेगळी वाट काढली. एक हजार पौंडांपासून वरची संशयित रोकड अधिकारी ताब्यात घेऊ शकतो, पण ४८ तासांत, सुटीचे दिवस वगळून, त्याला दंडाधिकाऱ्यांसमोर जावे लागते. पुढे एका वेळी सहा महिन्यांपर्यंत आणि एकूण दोन वर्षांपर्यंतच ती ठेवता येते. दरम्यान रक्कम व्याज मिळणाऱ्या खात्यात ठेवतात. आणि जप्ती कायम करण्यासाठी शिक्षेची गरज नसली तरी पैसा गुन्ह्याशी जोडलेला असण्याची शक्यता जास्त आहे, हे सरकारने दाखवावे लागते. तिथेही या पद्धतीवर टीका होते, आणि शिक्षेविना मालमत्ता घेण्याला माझाही ओढा नाही. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे : तिथे घड्याळ सरकारच्या डोक्यावर टिकटिकते, प्रवाशाच्या नव्हे. आपल्याकडे कलम १०७ मध्ये त्याची सुरुवात आहे, पण ती पोलिसांनी अर्ज केल्यावरच. अर्ज किती दिवसांत करावा याचे बंधन नाही.

अमेरिकेत याच्या उलट घडले. तिथल्या अनेक राज्यांत जप्त पैशाचा वाटा जप्त करणाऱ्या पोलीस खात्यालाच मिळतो, आणि महामार्गावर, विमानतळावर प्रवाशांना अडवून रोकड घेण्याचे प्रकार इतके वाढले की न्यू मेक्सिको राज्याने २०१५ साली शिक्षेविना होणारी अशी जप्ती बंदच केली. आपल्याकडे जप्त रक्कम सरकारी तिजोरीत जाते, पोलीस ठाण्याला त्यातला पैसा मिळत नाही. ही आपल्या व्यवस्थेची जमेची बाजू आहे. पण अधिकृत वाटा नसला की अनधिकृत वाट्याचा मोह उरतो. ठाणे जिल्ह्यातलेच उदाहरण आहे. एप्रिल २०२२ मध्ये मुंब्र्यात एका खेळण्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी सापडलेल्या सुमारे ३० कोटींच्या रोकडीतून सहा कोटी पोलिसांनीच ठेवून घेतल्याचा आरोप झाला, आणि मे महिन्यात अधिकाऱ्यांसह दहा पोलिसांना निलंबित व्हावे लागले. त्याच्या काही महिने आधी मुंबईत लोकमान्य टिळक मार्ग पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यांवर, आंगडियांना अडवून आयकर खात्याची भीती घालत पैसे उकळल्याच्या तक्रारीवरून फेब्रुवारी २०२२ मध्ये गुन्हा दाखल झाला. दोन्ही प्रकरणे आरोपांची आहेत, हे सांगायला हवे. पण आरोपाचा आकार दोन्हीकडे एकच आहे : रोकड दिसली, पंचनामा झाला नाही, आणि ज्याचा पैसा त्याला भीती घालण्यात आली. कुंपणाने शेत खाऊ नये याची तजवीज कागदानेच होते. म्हणून न्यायालयाचा वेळेवरचा हुकूम प्रवाशाइतकाच प्रामाणिक पोलिसाचेही रक्षण करतो.

पंचनाम्यात नोटांचे क्रमांक लिहिणे हा वरवर कारकुनी वाटणारा तपशील किती निर्णायक ठरतो, हे नोटाबंदीने दाखवले. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर देशभरातल्या मुद्देमालाच्या खोल्यांत आणि कोषागारांत पडून असलेल्या ५०० आणि हजारांच्या नोटांचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. मे २०१७ मध्ये सरकारने नियम केले : ३० डिसेंबर २०१६ पर्यंत जप्त झालेल्या नोटा न्यायालयाच्या आदेशाने बदलून मिळतील, मात्र तपास यंत्रणेने नोंदवलेले क्रमांक त्या आदेशात असले पाहिजेत. ज्याच्या पंचनाम्यात केवळ '५०० रुपयांच्या नोटांची बंडले, एकूण इतके' एवढेच लिहिले होते, त्याला खटला जिंकूनही त्या नोटा बदलून मिळवण्याची ही वाट बंद होती. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई खटल्यात १ ऑक्टोबर २००२ लाच सांगून ठेवले आहे की मुद्देमाल पोलीस ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्यापेक्षा जास्त काळ पडून राहू नये. सविस्तर पंचनामा आणि छायाचित्रे घेऊन, हमी घेऊन तो हक्कदाराच्या ताब्यात द्यावा. नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे केले असून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे आहे. फलाटावर आता सगळ्यांकडे मोबाइल असतो, त्यामुळे साधन नाही ही सबब चालणार नाही.

राहिला आकड्यांचा मुद्दा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ६६० कोटींचा ऐवज पकडल्याचे निवडणूक आयोगाने मतदानाच्या तोंडावर सांगितले; त्यात रोकड दीडशे कोटींच्या वर होती. हा आकडा कर्तबगारीचा म्हणून छापला गेला. यातली किती रक्कम परत केली, किती प्रकरणांत गुन्हा सिद्ध झाला, किती सरकारजमा झाली, हे दुसरे तीन आकडे त्याच ठळक अक्षरांत आले तरच पहिल्या आकड्याला अर्थ. परत केलेली रक्कम मोठी निघाली तर पथकांनी चुकीच्या पिशव्या उघडल्या असे होईल. सिद्ध झालेली मोठी निघाली तर पथकांचे कौतुक करू. ठाणे पोलीस आयुक्तालयाने आणि लोहमार्ग पोलिसांनी दर वर्षी असा तक्ता प्रसिद्ध करायला नव्या कायद्याची गरज नाही. आणि रोकड जप्तीनंतर पंधरा दिवसांत दंडाधिकाऱ्यांसमोर सुनावणी, तिथे गुन्ह्याशी संबंध दाखवण्याची पहिली जबाबदारी पोलिसांवर, तो दिसला नाही तर हमीपत्रावर रक्कम परत, ही शिस्त उच्च न्यायालयाच्या एका परिपत्रकानेही लागू शकते. आयकर खात्याला हवी ती चौकशी रक्कम मालकाच्या बँक खात्यात जमा करूनही करता येईल.

तोवर प्रवाशाने काही गोष्टी स्वतः सांभाळाव्यात. मोठी रोकड नेताना बँकेची पावती, विक्रीची बिले किंवा ज्याने पैसे दिले त्याची सहीची चिठ्ठी आणि त्याचा फोन क्रमांक सोबत ठेवा. अडवले तर पंचांसमोर नोटा मोजायला लावा, क्रमांकांसह पंचनाम्याची प्रत मागा आणि जप्ती कोणत्या कलमाखाली आहे ते त्यावर लिहून घ्या. आयकर विभागाने रक्कम घेतली असेल तर ज्या महिन्यात ती जप्त झाली तो संपल्यापासून तीस दिवसांत खुलाशासह अर्ज करा. ही मुदत चुकवू नका. पोलिसांकडे असेल तर संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्तनाम्यासाठी अर्ज करा. आणि पैसे खरेच तुमचे असतील तर घाबरून 'हे माझे नाहीत' असे फलाटावर सही करून देऊ नका; त्या एका कागदावर पुढची सगळी प्रकरणे उभी राहतात.